साताऱ्यातलं बिनपाटीचं चपलांचं दुकान

नानाचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. नानाच्या पाकिटात निघालेली. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: ‘नाना फौजी. उजवी टाच, डावा अंगठा. शनिवार.’ चपला दुरुस्तीला टाकल्याची ती पावती. तो शनिवार काही नानाला दिसला नाही. गुरुवारी पहाटे झोपेतच गेला.

म्हणून चपला आणायला मी गेलो. या दुकानाबद्दल चार ओळी लिहितो, असं मी नानाला किती वेळा म्हटलं असेल. त्याच्या हयातीत झालं नाही, ही चुटपुट आहेच. आज लिहितोय.

राजवाड्याजवळच्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. दाराच्या चौकटीला खिळ्यांवर चपलांचे जोड टांगलेले दिसले की समजायचं हेच. आत जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा. एका बाजूला चपला शिवणारे मामा आणि त्यांची लोखंडी ऐरण, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा शिलाई मशीनवर. गिऱ्हाइकानं बाहेरच्या फळीवर बसायचं. कातडं, डिंक आणि मेण यांचा वास बोळाच्या तोंडापर्यंत येतो.

आधी नानाचं सांगतो, म्हणजे या दुकानाचं मोल लक्षात येईल.

नाना माझा वर्गमित्र. आमचं गाव अपशिंगे मिलिटरी या गावाच्या शेजारचं. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्या नावाचा दगड गावात आहे. शाळेत असताना आम्ही दोघं सायकलवरून तो बघायला जायचो. आमच्या भागात पोरगं अठराचं झालं की फौजेत भरतीला बेळगाव, हे ठरलेलं असायचं. नाना १९६८ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला. मी छातीत कमी भरलो, एसटीत कंडक्टर झालो आणि ३१ वर्षं सातारा आगारात काढली.

१९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, नाना जंगी पलटणीबरोबर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होता. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शहराच्या पाठीमागं गेली आणि वाट अडवून बसली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्या धामधुमीत नानाचा उजवा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली वीतभर राहिला, बाकी गेला. लढाईबद्दल तो फार बोलायचा नाही. नदीचं मात्र सांगायचा. “पान्यात उतरलो तवा दोन्ही पाय गारठलं व्हतं बघ. दोन्ही पायांस्नी एकदम थंडी वाजल्याली ती शेवटची.” बास, एवढंच. मी पुढं कधी विचारलं नाही.

पुण्यात १९४४ पासून फौजेचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथं त्याला पाय मिळाला. त्या पायावर तो चालायला शिकला, गावी आला, लग्न केलं, दोन मुलांचा बाप झाला, एसटीडी बूथ चालवला. मोबाइल आल्यावर बूथ बंद पडला, मग शेती बघू लागला. माझ्या गाडीला चढला की अपंगांसाठी राखीव सीटवर बसायचा नाही. दांडीला धरून उभा. मी चिडायचो. म्हणायचा, “उभं ऱ्हायला मला येतंय. ज्याला येत न्हाई त्याला बसू दे.”

आता चपलेचं. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला ही अडचण सुचायची नाही, मलाही पन्नाशी उलटेपर्यंत सुचली नव्हती. कृत्रिम पाय ठरावीक टाचेच्या बुटावर बेतून बसवलेला असतो. पादत्राणाची टाच त्याहून उंच झाली की गुडघा पुढं ढकलला जातो. कमी झाली की माणूस मागं झुकल्यासारखा होतो. दिवसभर तसं चाललं की सॉकेटच्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीच्या आत खुंट, म्हणजे उरलेला पाय, घासतो आणि जखम होते. दुसरं म्हणजे, नानाच्या त्या पायाला अंगठा आणि बोट यांच्यात फटच नव्हती. चपलेचा अंगठा अडकवायचा कशात? आणि अडकवला तरी तो पाय बोटं आवळून चप्पल धरणार कसा? म्हणून नाना १९७२ पासून बूटच घालत आला. शेतात बूट, लग्नात बूट. देवळात जायचं तर बूट सोडायला पायरीवर बसायचा, आणि लोक बघतात म्हणून पुढं पुढं देवळात जायचाच बंद झाला.

२००८ साली त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी म्हणाली, “आबा, फेटा बांधायचा, धोतर नेसायचं आणि खाली बूट?” नाना काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “चल, चप्पल बघू.”

आधी एका मोठ्या दुकानात गेलो. काचा, आरसे, एसी. तिथल्या पोरानं पाय बघितला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, “काका, यात चप्पल बसत नाही. स्पोर्ट शूज दाखवू?” पोराचं काही चुकलं नव्हतं. पण नानाचा चेहरा उतरला. बाहेर येऊन म्हणाला, “जाऊ दे, बूटच पॉलिश करू.” पॉलिशवाला शोधत शोधत आम्ही त्या बोळात शिरलो.

मामांनी बुटाला ब्रश लावता लावता विचारलं, “साहेब, ह्यो पाय पुण्याचा का?” नानानं मान हलवली. “काढून दाखवता?” असं कुणी भर रस्त्यात नानाला म्हणेल आणि नाना ऐकेल, हे मला खरं वाटलं नसतं. त्यानं फळीवर बसून विजार वर केली, पट्टा सोडला आणि पाय मामांच्या हातात दिला. मामांनी तो मांडीवर घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला, टाच दाबून बघितली. मग नानाच्या बुटाची टाच सुताच्या दोऱ्यानं मोजली, पंजाखालची जाडी मोजली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या. तो दोरा त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला. कागदावर काही लिहिलं नाही.

तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला तळ फार जड झाला, नानाचा पाय ओढल्यासारखा पडू लागला. मामांनी स्वतःहून तो जोड बाजूला टाकला आणि नवा कापला. दुसऱ्या खेपेला मागचा पट्टा. कोल्हापुरीला मागं पट्टा नसतो, यांनी टाचेमागून आणून बाहेरच्या अंगाला बकल दिलं. आडवा पट्टा बोटभर रुंद केला. अंगठा दिसायला तसाच ठेवला, पण खालून मोकळा, नुसता वरून शिवलेला. वर वेणी, दोन्ही बाजूला कान, गोंडा, सगळं रीतीप्रमाणं. डाव्या चपलेलाही तसाच मागचा पट्टा लावला. नाना म्हणाला, याची गरज नाही. मामा म्हणाले, “जोड हाय साहेब. जोड सारका दिसाय पायजे.”

तिसऱ्या खेपेला नाना बोळात चालून आला. मामांनी त्याला पुढून नाही, मागून चालताना बघितलं. मग चप्पल परत घेऊन तळाला टायरचं रबर चिकटवलं, वर टाके घातले. नुसतं कातडं ओल्या फरशीवर सरकतं आणि कृत्रिम पायाला सरकलेलं कळत नाही, म्हणून. हे आम्ही सांगितलं नव्हतं.

लग्नात नानानं धोतर नेसून, कोल्हापुरी घालून मुलीला निरोप दिला. फोटोत सगळ्यांचे चेहरे आहेत. मला मात्र तो फोटो बघताना अजून आधी त्याचे पाय दिसतात.

मग तो देवळात जाऊ लागला. २०१२ साली माउलींच्या पालखीबरोबर लोणंदहून तरडगावच्या वाटेवर चालला, चांदोबाचा लिंब येथलं उभं रिंगण बघायला. मी बरोबर होतो. पावसाची भुरभुर, पायाखाली चिखल. अर्ध्या वाटेत झाडाखाली बसून त्यानं पाय काढला, खुंटावरचा ओला मोजा बदलला, पुन्हा पाय चढवला. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या वारकरणीनं काही न विचारता तो ओला मोजा पिळून काठीवर वाळत घातला. रबर कुठं सरकलं नाही.

आता दुकानाचं बरं-वाईट. मामा वेळ पाळत नाहीत. शनिवार म्हणाले तर सोमवार धरा, आणि सोमवारी दुकान बंद असतं, म्हणजे मंगळवार. फोन उचलत नाहीत. लग्नसराईत नवं काम घेत नाहीत. घाईचं काम असेल तर तिकडं जाऊ नका, मनस्ताप होईल. साधी कोल्हापुरी १,२०० पासून, पायाच्या मापाची खास घ्यायची तर काम बघून सांगतात. नानाचा शेवटचा जोड तीन वर्षांपूर्वी १,८०० ला पडला. मशीनची शिलाई मुलगा करतो, ती ठीक आहे, पण मामांनी आरीनं हातटाके घातलेला जोड दुप्पट टिकतो. तेव्हा हातटाकेच मागा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरबरोबर आपला सातारा जिल्हाही आहे. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली रापी थांबवली आणि मुलाला म्हणाले, “ऐकलंस का?” मुलगा हे काम सोडून पुण्याला जायचं म्हणतो. तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाय, गुडघा, कंबर यांची काही अडचण असेल, एक पाय आखूड असेल, मधुमेहानं बोट काढलेलं असेल, तर इथं जरूर जा. रोज घालता तो जुना जोड बरोबर न्या. कुठं किती झिजलाय ते बघून मामा निम्मं दुखणं ओळखतात. आणि हो, कुणी दया दाखवत नाही.

दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलंय, आता पिवळं पडलंय. मुरलीकांत पेटकरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली तेव्हाचं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा माणूस. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून अपंगत्व आलं आणि १९७२ साली जर्मनीत पॅरालिम्पिकला पोहण्यात सुवर्णपदक घेतलं. नाना त्या वर्षी नवीन पायावर चालायला शिकत होता. कात्रण नानानंच आणून दिलं होतं, “हे लाव मामा” म्हणून.

मी चिठ्ठी पुढं केली. मामांनी वाचली आणि माझ्या मागं बघितलं, नाना मागून येतोय का ते. मी सांगितलं. त्यांनी हातातली आरी मेणाच्या गोळ्यात खोचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मागच्या फळीवरून जोड काढला. काम झालेलं होतं, पॉलिशसुद्धा केलेलं.

त्यांनी दोन्ही चपला उताण्या न ठेवता सरळ मांडल्या. मी इतकी वर्षं नानाबरोबर हिंडलो, पण हे कधी बघितलं नव्हतं. डाव्या चपलेच्या तळव्यावर नानाचा अख्खा पाय उमटलेला. टाच, पाच बोटं, घामानं काळी पडलेली, अंगठ्याखाली खोलगट वाटी झालेली. उजवीवर काहीच नाही. कातडं पहिल्या दिवशी होतं तसं, मधाच्या रंगाचं. फक्त खालची टाच बाहेरच्या अंगानं झिजली होती, तिथं मामांनी नवी पट्टी मारली होती.

“किती झाले?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या.”

“मामा, नानानं तुमच्याकडं कधी बाकी ठेवली?”

ते थांबले. फौजी म्हणून पैसे कमी घेतो, असं त्यांनी पहिल्या जोडाला म्हटलं होतं. तेव्हा नाना म्हणाला होता, “माझ्या पायाचं सरकारनं बघितलं. तुमच्या हाताचं मी बघनार.” पुन्हा तो विषय निघाला नव्हता.

“एकशे ऐंशी,” मामा म्हणाले. मी दिले. त्यांनी मोजून डब्यात टाकले. भिंतीवरच्या खिळ्याला दोन गाठींचा तो दोरा अजून होता. तो त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी चपला घेऊन नानाच्या घरी गेलो. तेराव्याला छत्री, काठी, कपडे सगळं दान दिलेलं. पाय तेवढा राहिला होता, माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. वहिनींनी पिशवीतून जोड काढला. खाली बसून उजवी चप्पल त्या पायात सरकवली, मागचा पट्टा बकलात घेतला, तिसऱ्या भोकात, नाना लावायचा तसा. डावी शेजारी ठेवली.