ऑटोसोल मेटल पॉलिश: ट्यूब झकास, पण घाम आपलाच

आमच्या जुन्या होंडा सिटीची अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं) पार मेली होती. रत्नागिरीत घर, खारा वारा, त्यात मागच्या वर्षी एका वॉशिंगवाल्याने चकाचक करून देतो म्हणत कसलंतरी ॲसिड मारलं आणि चारही व्हीलवर दुधाळ डाग. आईने पितांबरी पुढे केली, म्हटलं ती तांब्यापितळेला गं, आणि ऑटोसोलची 75 मिलीची ट्यूब मागवली. जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल आहे, बुलेटवाले इंजिनच्या कव्हरला लावतात.

पहिल्या दिवशी अर्धा तास घासलं, ढिम्म फरक नाही. पैसे पाण्यात गेले म्हणेपर्यंत लक्षात आलं की फडकं पांढरंच राहतंय. उघड्या ॲल्युमिनियमला पॉलिश लागलं की फडकं बघता बघता काजळीसारखं काळं होतं, नाही झालं म्हणजे तुम्ही वरच्या लॅकरलाच, म्हणजे पारदर्शक थरालाच, गोंजारताय. कंपनीच्या अलॉयवर बहुतेक वेळा हा क्लिअर कोट असतोच, दोष ट्यूबचा नाही.

मग व्हील काढलं (काढाच, पॉलिश ब्रेक डिस्कला लागलं तर ब्रेकची बोंब), हातमोजे घालून पेंट रिमूव्हरने कोट सोडवला, एक थेंब मनगटावर पडला तर असली आग झाली की विचारू नका. नंतर पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, 400, 600, 1000, 1500 आणि शेवटी 2000 (नंबर मोठा तसा पेपर बारीक). मी पहिल्या व्हीलला शहाणपणा करून 400 वरून थेट 1000 वर गेलो, चमक आली पण उन्हात बघितलं की 400 च्या रेघा अजून दिसतात. दुसऱ्यापासून प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलली, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच कळतं.

2000 झाल्यावर मात्र ट्यूबने कमाल केली. वाटाण्याएवढी पेस्ट, जुन्या बनियनचा तुकडा, आणि थोड्या वेळात बाजूला ठेवलेला पाना व्हीलमध्ये दिसायला लागला! वास अमोनियाचा, अंगणातच बसा. चार व्हील होऊन थोडी उरलीये.

आता लॅकर नाही, त्यामुळे आमच्या हवेत महिन्याला एक हात आणि वॅक्स लागतंच, ज्यांना जमणार नाही त्यांनी या फंदात पडू नये. डायमंड कट अलॉय (लेथवर कापून चमकवलेली) असतील तर अजिबात नको, त्या लेथवाल्याकडेच द्या.

पाचपैकी साडेचार. ते रेघांचं पहिलं व्हील मागे डावीकडे लावलंय, त्या बाजूला मी सहसा जात नाही.