कंत्राटी मियावाकी लागवड : पडीक पट्टीसाठी घ्यावी का?

मियावाकी म्हणजे देशी झाडं दाटीवाटीने लावून छोटं जंगल उभं करायची जपानी पद्धत. नाल्याकाठच्या किंवा रेल्वे कुंपणालगतच्या राडारोड्याने भरलेल्या पट्टीसाठी कंत्राटदाराची ही सेवा चांगली. मात्र करार नीट वाचा. 5 पैकी साडेतीन.

चौरस मीटरला 3 ते 4 रोपं, म्हणजे 100 चौरस मीटरला 300 ते 400. खरी कसोटी खोदाईत. जमीन मीटरभर उकरून, सिमेंटचे तुकडे आणि प्लास्टिक वेगळं काढून, तीच माती शेणखत, भाताचं तूस आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून परत भरायला हवी. बरेचजण फूटभरच खणतात आणि वर लाल माती पसरतात. दिसायला झकास, पण मुळं खालच्या कडक थराला अडतात, पावसाळ्यात पाणी साचून कुजतात. म्हणून खड्डा भरण्याआधी टेपने मोजा.

रोपांची यादी आधी मागा. करंज, जांभूळ, उंबर, बहावा, मधेमधे अडुळसा, निरगुडी असं उंच-बुटकं मिश्रण हवं. सुबाभूळ किंवा ग्लिरिसिडिया ही परदेशी झाडं दिसली की नकार द्या. बांबूला रोप सुतळीनेच बांधावं. नायलॉनची दोरी खोडात रुतते.

पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन अर्धा फूट हवं. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज 4-5 लिटर पाणी धरा. टँकर कोणाचा, हे करारात हवंच. देखभाल किमान दोन उन्हाळे. एकाच वर्षाची देत असतील तर पैसे कापा.

पुलाखालच्या अंधाऱ्या जागेसाठी मात्र हे पॅकेज घेऊच नका. गवताळ माळासाठीही नाही, तिथलं गवत हीच तिथली हिरवाई.