ईएसपी३२-कॅम: प्रोजेक्टसाठी घ्यावा का?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला कॅमेरा हवा, एआय हवं, पण रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर परवडत नाही, अशा वेळी हमखास हाती येतो तो एआय-थिंकर कंपनीचा ईएसपी३२-कॅम हा छोटा कॅमेरा बोर्ड. २ मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० कॅमेरा, ४ एमबी पीएसरॅम (चिपबाहेरची जादा मेमरी), वायफाय, मेमरी कार्डाचा स्लॉट. कंपनीच्या नावात 'एआय' आहे म्हणून चिपमध्ये वेगळं एआय हार्डवेअर असेल, असं मात्र समजू नका.

पहिली रड यूएसबीची. बोर्डावर पोर्टच नाही. यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरची टीएक्स (पाठवणारी) पिन बोर्डाच्या यू०आरला, आरएक्स (घेणारी) यू०टीला, बोर्डाची जीपीआयओ ० पिन जंपर वायरनं ग्राउंडला, मग रिसेट. तेव्हा कुठे कोड चढतो. चढल्यावर तो जंपर काढून पुन्हा रिसेट करायचं राहिलं की बोर्ड गप्प, आणि खापर कोडवर. खाली बसणारा, सीएच३४० ही यूएसबी चिप असलेला 'ईएसपी३२-कॅम-एमबी' बोर्ड सोबतच घ्या.

'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' (म्हणजे व्होल्टेज फार पडलं) असा मेसेज दिसला तरी कोड चाळत बसू नका. वायफाय सुरू होताना करंट उसळतो आणि बारीक, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, आखूड केबल, ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डिटेक्टरच कोडमधून बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं व्होल्टेज वाढत नाही, फक्त तक्रार थांबते.

कॅमेरा सापडत नसेल तर आधी कोडमध्ये बोर्डाचं मॉडेल बरोबर निवडलंय का पाहा, मग कॅमेऱ्याची चपटी रिबन केबल नीट बसलीय का ते. कनेक्टरची काळी पट्टी नखानं हळूच उचलायची. ती तुटली की संपलं. फ्लॅशचा एलईडी आणि मेमरी कार्ड दोघंही जीपीआयओ ४ वर आहेत, त्यामुळे कार्ड वापरताना एलईडी लुकलुकतो. कार्ड १-बिट मोडमध्ये चालवा, म्हणजे ते जीपीआयओ ४ वापरत नाही.

मॉडेलचं म्हणाल तर ९६×९६ ग्रेस्केल, ८-बिट क्वांटाइज केलेलं (आतले आकडे ८ बिटांत बसवलेलं) छोटं न्यूरल नेटवर्क चालतं. चेहरे ओळखून दार उघडायचंय, तेही झटपट, तर व्हेक्टर इन्स्ट्रक्शन (एकदम अनेक आकड्यांवर हिशेब करणाऱ्या) असलेला ईएसपी३२-एस३ घ्या.

ट्रेनिंगचे फोटो मोबाइलवर काढू नका, याच कॅमेऱ्यानं, बोर्ड जिथे लावणार तिथल्याच उजेडात काढा. नाहीतर लॅपटॉपवर झकास चालणारं मॉडेल बोर्डावर चाचपडतं. पेपर लिहिणार असाल तर आणखी एक: एकाच व्हिडिओच्या फ्रेम रँडम वाटून ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे टाकल्या की अ‍ॅक्युरसी उगाच फुगते, कारण शेजारच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात. टेस्टसाठी वेगळ्या दिवसाचं शूटिंग ठेवा.