अल्गी स्क्रबर: शेवाळ गेलं, पाठोपाठ अ‍ॅडॉप्टरही गेला

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठीच बनवलेल्या अल्गी स्क्रबरची, म्हणजे शेवाळ हटवणाऱ्या यंत्राची, वॉरंटी मिठामुळे रद्द होते, हे मला परवा कळलं. सर्व्हिसवाल्याने फोटो मागवला, त्याच्या दिव्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेवरचा हिरवा गंज पाहिला आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "सर, हे सॉल्ट डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." नुसता अ‍ॅडॉप्टर ते विकत नाहीत. दिव्याचा अख्खा सेट घ्या, 4,200 रुपये. मग म्हटलं, आता लिहायलाच हवं.

माझा समुद्री मासे आणि प्रवाळांचा टँक 200 लिटरचा, खाली संप, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी टाकी. दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा हे मासे, तर झोआ, एक टॉर्च, थोडे मशरूम ही प्रवाळं. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. तरीही हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) अशी माजलेली की मशरूम हाताने चाचपून शोधावे लागत. टूथब्रशने घासा, पाणी बदला, आठवड्यात पुन्हा जैसे थे. जीएफओने (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट उतरतं, पण ते संपलं की नवं पाकीट आणायचं, आणि हा खर्च जन्मभराचा. त्यामानाने स्क्रबर आमच्यासारख्या चिकट माणसाला पटतो. टँकमध्ये वाढायचं ते शेवाळ संपमधल्या खरबरीत जाळीवर, बुडबुडे आणि लाल दिवा देऊन वाढू द्यायचं आणि खरवडून फेकायचं. नायट्रेट-फॉस्फेट त्याच्याबरोबर बाहेर. हे काही कालचं फॅड नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडींना याचं पेटंट 1982 साली मिळालंय.

सुरुवातीला मात्र कपाळाला हात लावला. जाळीवर नुसता तपकिरी बुळबुळीत थर, दगडांवरची अल्गी तशीच, आणि फॉस्फेट 0.2 वरून हलायला तयार नाही. तेव्हा मी दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. पण त्यात यंत्राचा दोष नव्हता. जुन्या दगडांत फॉस्फेट मुरलेलं असतं. पाण्यातलं कमी झालं की दगड आपल्याकडचं सोडतात, त्यामुळे चाचणीत आकडा जागचा हलत नाही. ते साठलेलं सरलं तसे जाळीवर हिरवे केस आले आणि दगडांवरचे विरळ होत गेले. आता आठवड्याला जाळी काढतो, बेसिनमध्ये धरून जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो. मूठभर हिरवा लगदा निघतो, त्यातून कोळंबीसारखे दिसणारे बारीक अ‍ॅम्फिपॉड टुणटुण उड्या मारतात. ते वेचून परत संपमध्ये सोडतो, कारण ग्रामाला फुकटचं खाणं. जाळी अगदी चकचकीत करायची नाही, पातळ थर राहू द्यायचा.

म्हणून चार तारे केले. तेवढ्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आनंद दोन दिवस टिकला. वाळूवर बुडबुडेवाला तपकिरी शेंबूड दिसू लागला, रात्री गायब, दुपारी पुन्हा हजर. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट! पाण्यातलं पोषण शून्यावर आलं की हे सूक्ष्म जीव माजतात. पुस्तिकेत दिवा 18 तास ठेवा म्हटलंय. ते भरपूर मासे असलेल्या, दाबून खायला घालणाऱ्या टँकचं गणित. मी 9 तासांवर आणला, मायसिस (माशांना घालायची बारीक कोळंबी) वाढवले, पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 च्या आसपास आल्यावर शेंबूड हळूहळू ओसरला. शून्याच्या मागे लागू नका. आणि ब्रायोप्सिस, म्हणजे पिसासारखं चिवट शेवाळ, असेल तर स्क्रबरच्या भरवशावर बसू नका, ते प्रकरण वेगळं.

आता वायर. दिव्यापासून अ‍ॅडॉप्टरपर्यंत जेमतेम एक मीटर! म्हणजे अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या आतच, संपच्या डोक्यावर टांगायचा. खाली स्क्रबर अखंड बुडबुडे फोडतोय, त्याचे खारे तुषार वर उडतायत. तिथे पिन गंजणार नाही तर काय होणार? आणखी दोन मीटर वायर द्यायला कंपनीला किती पैसे पडले असते? बुडबुड्यांचा आवाज, मिठाने तुंबणारी हवेची नळी, हे सगळं मी पोटात घालतो. वायर नाही.

लॅमिंग्टन रोडला 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर 220 रुपयांना मिळाला, वायर वेगळी 90. आता अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटबाहेर भिंतीवर आहे आणि वायरीला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी ओघळून प्लगपर्यंत जात नाही. दिवा पहिल्यासारखाच पेटतो.

सध्या साडेतीन तारे. घेणार असाल तर पैसे देण्याआधी वायरची लांबी विचारा आणि जास्तीची एक जाळी मागा. मागितली तर फुकट देतात, आपणहून सांगत नाहीत.