टिळकवाडीतील आमच्या अंगणाची फरसबंदी
घरापुढच्या अंगणाचे काम ज्या स्थानिक ठेकेदाराला दिले, त्यांची आखणी मला मनापासून आवडली: तुळशीवृंदावनाभोवती खडबडीत शहाबादी फरशी, गाडीच्या वाटेवर 80 मिलिमीटर जाडीचे पेव्हर आणि कडेला जांभ्या चिऱ्यांचा, संध्याकाळी टेकायला सोयीचा कठडा. ढाळ मात्र चुकला. बेळगावच्या पावसात दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवाच. येथे तो जोत्याकडे निघाला, त्यामुळे जूनच्या पहिल्याच सरीत पायरीशी तळे साचले. पेव्हर उचलल्यावर खालची खडी धुम्मसाने नीट ठोकलेली नसल्याचे दिसले. तक्रारीनंतर तो कोपरा त्यांनी विनामूल्य पुन्हा बसवून दिला, पण सांध्यांत वाळू भरण्यासाठी दोनदा फोन करावा लागला.