जीएच५ वर जुन्या निकॉर लेन्स: जेली येते कुठून?

पॅनासॉनिकचा जीएच५ कॅमेरा सेकंडहँड घेतला तो १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा टिपणाऱ्या, फुटेजसाठी. नव्या लेन्सना पैसे उरले नाहीत, म्हणून निकॉनच्या जुन्या मॅन्युअल निकॉर लेन्स, ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५, अडॅप्टरवर चढवल्या. काही महिने झाले. सगळे विचारतात ते जेलीबद्दल, म्हणजे व्हिडिओतलं चित्र लिबलिबतं त्याबद्दल, म्हणून तेवढंच लिहितो.

सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात कॅमेरा वळला तर खांब तिरके होतात, थरथरला तर चित्र जेलीसारखं लिबलिबतं. यालाच रोलिंग शटर म्हणतात. हा वाचनाचा वेग अडॅप्टरने बदलत नाही. थरथर फ्रेममध्ये किती मोठी दिसणार, हे मात्र बदलतं.

साधा अडॅप्टर म्हणजे पोकळ नळी. निकॉन एफ माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिमी, जीएच५च्या मायक्रो फोर थर्ड्स माउंटचं १९.२५, मधले २७.२५ मिमी तो भरतो, बस. जीएच५चा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० मिमी मग फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) १०० मिमीसारखी दिसते आणि हाताचा झटकाही तसाच मोठा होतो. त्याऐवजी ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर, म्हणजे आत भिंगं असलेला अडॅप्टर, लावला की तीच लेन्स ७१ सारखी, वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड फुकट. हातात धरून शूट करत असाल तर गिंबलआधी (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरच्या दांड्याआधी) पैसे इथे घाला.

खरी गोम मेनूत आहे. या लेन्सना कॅमेऱ्याला माहिती देणारे कॉन्टॅक्ट नाहीत, त्यामुळे फोकल लेंग्थ आपणच भरायची आणि बॉडीतला स्टॅबिलायझर त्या आकड्यावर चालतो. ५० ला ५०च भरायचं, छोट्या सेन्सरचा क्रॉप धरून १०० नाही. रिड्यूसर असेल तर ३५. आकडा मोठा पडला की स्टॅबिलायझर गरजेपेक्षा जास्त ढकलतो आणि चित्र तरंगतं. बघणाऱ्याला वाटतं, रोलिंग शटर! लग्नाच्या धावपळीत लेन्स बदलताना हे हमखास राहतं, म्हणून प्रत्येक लेन्सवर आकड्याची चिकटपट्टी लावली आहे.

स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये लेन्स किंचित खेळते. ५० वर चालून जातं. १०५ वर फोकस रिंगला हात लावला की फ्रेम टुणकन उडते. विसर्जन मिरवणुकीत तर ढोलांच्या जवळ ट्रायपॉडवरही १०५ ने लाटा दिल्या. इतक्या जलद हादऱ्यांपुढे स्टॅबिलायझरचं काही चालत नाही. पथकापासून लांब जा, नाहीतर ५० लावा.

शटर स्पीड वाढवा, हा सल्ला सर्रास मिळतो. १/५०० वर फ्रेम धारदार होते, तिरकेपणा तेवढाच राहतो आणि उलट जास्त टोचतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबखाली काळे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सोडू नका.

पॅनमधला, म्हणजे कॅमेरा वळवतानाचा, तिरकेपणा एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमधल्या रोलिंग शटर रिपेअरने बराच निघतो. सोनी ए९ ३ सारखा, सगळी फ्रेम एकदम वाचणारा ग्लोबल शटर असता तर हा प्रश्नच नव्हता, पण ते बजेट वेगळं. स्थिर कॅमेऱ्यासमोरून आडवी जाणारी एसटी कलली, तर मात्र प्रीमियरने फारसं साधत नाही. बस सरळ करायला जावं तर मागची घरं कलतात. असा शॉट मी वळणावर उभा राहून, गाडी अंगावर येताना घेतो. आडवा वेग कमी पडतो, खिडक्या उभ्या राहतात.