‘२२ जुलै’: १४३ मिनिटांत हरवलेली ७२ मिनिटं

पॉल ग्रीनग्रासने ‘ब्लडी संडे’मध्ये एक गोळीबार कसा घडत गेला, ते टप्प्याटप्प्याने उलगडलं होतं. त्यामुळे नेटफ्लिक्सवरच्या त्याच्या ‘२२ जुलै’कडून (२०१८) अपेक्षा मोठी होती. नॉर्वेतल्या २०११ च्या हल्ल्यात उलगडण्यासारखं होतंही भरपूर. दुपारी ३.२५ला ऑस्लोतल्या सरकारी इमारतींपाशी बॉम्ब फुटला, ८ माणसं गेली. मग बॉम्ब ठेवणारा अतिउजव्या विचारांचा ब्रेविक पोलिसाच्या गणवेशात उटोया बेटावर पोचला आणि मजूर पक्षाच्या युवक शिबिरात त्याने ६९ जणांचा जीव घेतला. गोळीबार ७२ मिनिटं चालला होता.

तोवर पोलीस कुठे होते? संशयिताच्या गाडीचा नंबर एका माणसाने फोन करून कळवला होता. ती चिठ्ठी वीसेक मिनिटं टेबलावर पडून राहिली. हेलिकॉप्टरचे कर्मचारी सुट्टीवर. सशस्त्र पथक रबरी बोटीत गरजेपेक्षा जास्त संख्येने चढलं, बोटीत पाणी शिरलं, इंजिन बंद पडलं, मग लोकांच्या खासगी बोटी घ्याव्या लागल्या. चौकशी आयोगाने २०१२ मध्ये पोलिसांवर नेमके ताशेरे ओढले. थरारपटाच्या या उस्तादाला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार होता? पण इथे ही दिरंगाई ओझरती येते. बेटावरचा भाग सुरुवातीलाच उरकून कॅमेरा दवाखान्यात आणि कोर्टात जाऊन बसतो.

भाषेनेही घात केलाय. नट सगळे नॉर्वेजियन, बोलतात मात्र इंग्रजी. भेदरलेली मुलं घरी फोन करतात तेसुद्धा इंग्रजीत, आणि तिथेच खरेपणा ढासळतो. सबटायटल वाचायला प्रेक्षक कंटाळतील ही भीती असावी.

कोर्टाचा भाग सर्वात निराश करतो. प्रत्यक्ष खटला दहा आठवडे चालला. प्रत्येक मृताचा शवविच्छेदन अहवाल मांडला गेला, पाठोपाठ त्याचा फोटो आणि त्याच्याबद्दल चार ओळी. ब्रेविकची साक्ष टीव्हीवर दाखवायला कोर्टाने मनाई केली होती. मानसोपचारतज्ज्ञांचे दोन अहवाल होते: पहिल्यात स्किझोफ्रेनिया, दुसऱ्यात तो मानसिकदृष्ट्या ठीक. गंमत अशी की सरकारी वकील त्याला उपचारासाठी पाठवा म्हणत होते आणि बचाव पक्ष तो शहाणा आहे असं सांगत होता, कारण वेडा ठरलो तर आपल्या विचारसरणीला कोण विचारतो, ही आरोपीची धास्ती! या उलट्यापालट्या डावात अख्खा चित्रपट दडलेला होता. ग्रीनग्रासने तो बाजूला ठेवून जखमी तरुण आणि खुनी यांचा सामना लावलाय. तरुणाची साक्ष हाच कळस, आणि तो कळस खूप आधीपासून दिसत राहतो.

आंदेर्स दानिएल्सन ली ब्रेविकला थंड, नीटस ठेवतो. भूमिका चोख आहे. तरी बोलायची संधी त्यालाच जरा जास्त मिळालीय. यॉन ओयगार्डेनने रंगवलेला ब्रेविकचा वकील लिपेस्ताद मात्र खरोखर बघण्यासारखा. नको असलेलं वकीलपत्र हा माणूस नुसत्या चेहऱ्यावर पेलतो.

बेटावर नेमकं काय झालं ते जाणून घ्यायचं असेल तर त्याच वर्षीचा एरिक पोप्पेचा ‘उटोया: जुलै २२’ पाहा. नॉर्वेजियन भाषेत, गोळीबाराची ७२ मिनिटं एका सलग शॉटमध्ये, काया नावाच्या काल्पनिक मुलीच्या मागोमाग. खुनी त्यात जेमतेम दिसतो. ‘२२ जुलै’ लावलाच, तर लिपेस्तादच्या प्रसंगांपुरता लावा.